बोगदा जमतो, नळी जमत नाही

लोणावळा तलावाच्या पोटाखालून द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चा बोगदा नेणाऱ्या राज्यात, त्याच लोणावळ्याच्या बाजारपेठेखालून चार इंची नळी नेता येत नाही. कोणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने भांगरवाडीत किंवा गवळीवाड्यात ऐन आषाढातली एक संध्याकाळ काढावी. वीज जाते, तिच्याबरोबर टीव्ही जातो. वीज परत येते, टीव्ही येत नाही. इंटरनेट कधी सुरू होईल हे केबलवाल्यालाही ठाऊक नसते, कारण नेमकी कुठली तार तुटली हेच त्याला ठाऊक नसते.

केबलवाल्याला शिव्या घालणे सोपे आहे. आम्ही आज त्या घालणार नाही. मूळ दोष खांबावर नाही, रस्त्याखाली आहे. तिथे तार टाकायला जागाच ठेवलेली नाही.

दूरसंचार तारांसाठी खोदाईची परवानगी देण्याचे केंद्राचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. अर्जावर ६७ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, असा त्यांचा थाट. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनी मावळचे पंचांग पाहिलेले दिसत नाही. मार्चअखेरीस अर्ज केला तर ६७ दिवस संपतात जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे परवानगी हातात आणि पाऊस डोक्यावर. पावसाळाभर खोदाई बंद. ऑक्टोबर उजाडतो तो खड्डे बुजवण्यात, मग दिवाळीच्या सुट्टीतले पर्यटक, मग नवे डांबर किंवा काँक्रीट. रस्ता गुळगुळीत झाला की साहेब सांगतात, नवा रस्ता फोडू देणार नाही. बरोबरच आहे! पण तो रस्ता करताना खाली नळी का टाकली नाही, हे त्या साहेबांना कोण विचारणार?

खालून वाट नाही म्हणून तार वरून जाते. बाजारातला कुठलाही एक खांब मान वर करून पाहावा. महावितरणच्या खांबाला जाड काळी जुनी केबल, तिच्यावर गुंडाळलेली बारीक फायबर, उरलेल्या तारेची भेंडोळी, ॲम्प्लिफायरचा गंजका डबा आणि झाकण सुतळीने बांधलेली जोडपेटी. यातल्या निम्म्या तारा मेलेल्या असतात. ग्राहक सोडून गेला, तार तशीच राहिली. जुन्या केबलचे आवरण उन्हाने तडकते, पावसात पाणी आत शिरते आणि चित्र थरथरू लागते. फायबर आले की हा त्रास संपावा. पण शेवटचा ग्राहक नव्या तारेवर जाईपर्यंत जुनी तार काढता येत नाही. म्हणजे काही महिने दोन जाळी एकाच खांबावर नांदली पाहिजेत, आणि जिथे एकाचीच दाटी झाली आहे तिथे दुसरे टांगायचे कुठे? दाट वस्तीत काम अडते ते इथे. तळेगावच्या गाव भागातल्या जुन्या वाड्यांत तर भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाची आणि भाडेकरूची दोन तोंडे एक व्हावी लागतात.

आणि फायबर काही दूर नाही. रेलटेलचे फायबर रेल्वेमार्गाच्या कडेने घाट चढून लोणावळ्यावरून पुण्याला जाते. गंगा दारातून वाहते आणि घरात घागर रिकामी, अशी ही तऱ्हा.

केबलचालक म्हणतात, पैसे कुठले? २०१९ मध्ये लागू झालेल्या दररचनेत शंभर वाहिन्यांच्या पायाभूत शुल्कावर १३० रुपयांची मर्यादा होती आणि त्यातही वरच्या वितरकाचा वाटा होता. त्यांची तक्रार खोटी नाही. पण नळी टाकणे हे त्यांचे काम नव्हेच. ते रस्त्याच्या मालकाचे काम आहे. सामायिक नळ्या आणि केबलमार्गांची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. खोदाईवर शुल्क आकारायचे, रस्ता दुरुस्त करायचा आणि पुढच्या खोदाईची वाट पाहायची, या चक्राची ज्यांना सवय झाली आहे त्यांना एकदाच टाकायची नळी गोड कशी वाटेल? नव्या गृहप्रकल्पात बिल्डर इमारत उठण्याआधी नळ्या टाकतो. बिल्डरला जे सुचते ते नगरपरिषदेला सुचू नये?

उपाय म्हणून तारा कापणे हा तर शुद्ध आचरटपणा. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादेत रामंतापूरच्या मिरवणुकीत विजेच्या धक्क्याने पाच जण गेले. मग वीज कंपनीने शहरभर केबल कापत सुटण्याचा पराक्रम केला आणि हजारो घरांचे इंटरनेट बंद पडले. तार लोंबकळते तोवर कोणी पाहत नाही, आणि माणसे गेल्यावर कात्री निघते. आपल्याकडे वेगळे काय घडते? १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, चौघांचा जीव गेला. नवा पूल कागदावर मंजूर होता. मावळात मंजुऱ्या वेळेवर येतात, कामे येत नाहीत.

लोणावळा आणि तळेगावात चारेक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. तेव्हा जाब विचारायला कोणी नव्हते, ही सबब आता चालणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, सभागृहे भरली. घाटमाथ्याच्या विकासाच्या घोषणा त्यांनी पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवाव्यात. आज एका ओळीचा ठराव पुरे: दोन रिकाम्या नळ्या टाकल्याशिवाय शहरातल्या एकाही रस्त्याचे बिल निघणार नाही. ठेकेदार बोंब मारतील. मारू द्यावी.