गुलाबी रंग उतरला, गुडघ्याची सूज नव्हे!

मा. संपादक,


रानफुलांवरच्या यीस्टचा अर्क सूज उतरवतो, ही बातमी आमच्या कट्ट्यावर पोचेपर्यंत तिचं ‘संधिवातावर नवं औषध’ झालं होतं. एका गृहस्थांनी तर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून पाव फुगवायचं यीस्ट कोमट पाण्यातून घ्यायला सुरुवातही केली. प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी उमेदीची वर्षं असल्याच चाचण्यांच्या प्लेटा भरण्यात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

अशा अर्काची चाचणी होते ती अशी : उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या, वर्षानुवर्षं बाटलीत वाढवलेल्या पेशी 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये घालायच्या. जिवाणूंच्या आवरणातला एक घटक टाकून त्यांना डिवचायचं. डिवचलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात; वरचं द्रावण काढून त्यात ग्रीसचं रसायन घातलं की ते गुलाबी होतं. अर्क घातलेल्या खळग्यातला गुलाबी फिका पडला, की अर्क ‘दाहशामक’. पण अर्काने पेशी मेल्या, तरी रंग फिकाच पडतो! म्हणून त्या जिवंत आहेत ना, हे वेगळं तपासावं लागतं. बातमीत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शिवाय खळग्याला ना पोट, ना यकृत; गिळलेल्या अर्काचं शरीरात काय होतं, ते त्यात कळत नाही.

संशोधन फोल आहे, असं माझं म्हणणं नाही. आन्री बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1923 मध्ये इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून एक यीस्ट वेगळं केलं. आज जुलाबावर डॉक्टर त्याच्या पुड्या लिहून देतात. सूज चेतवणारी यंत्रणा रोखणारा, उष्णतेने न बिघडणारा एक छोटा रेणू ते सोडतं, असंही पुढे प्रयोगशाळेत दिसलं. तरी शंभर वर्षांनंतरही ती पुडी पोटाचीच आहे, गुडघ्याची नाही. आणि मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णांच्या रक्तात हेच यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ म्हणणाऱ्यांनी त्या वाचाव्यात.

आपणास विनंती एवढीच, की अशा बातमीच्या मथळ्यातच ‘पेशींवर’, ‘उंदरांवर’ की ‘माणसांवर’ हे छापा. एका शब्दाची तर जागा लागेल.

आमच्या त्या गृहस्थांनी यीस्ट सोडलं. माझं ऐकून नव्हे. पोट फुगलं म्हणून.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे