सोळा आणे रिपोर्ट

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये माझा चक्क पोपट झाला! परभणी जिल्ह्यातल्या एका गावाचा जमिनीचा रिपोर्ट मी केला होता. बॉस स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काय रे, गावापेक्षा गावातली शेतंच मोठी?"

चूक तशी साधी. एका शेताचे मालक अनेक आणि एका मालकाची शेतंही अनेक. आम्ही डेटावाले याला 'मेनी टू मेनी' म्हणतो. दोन टेबलं थेट जोडली की तीन भावांचं सामाईक ९ एकरांचं शेत तीनदा मोजलं जातं. झाले की २७ एकर!

दिवाळीत गंगाखेडजवळ गावी गेलो, तर उत्तर बाबांच्या ट्रंकेत. सातबारा शेताचा, गट नंबरप्रमाणे. आठ-अ खात्याचा, म्हणजे त्या खात्यावरची गावातली सगळी शेतं. दोघांना जोडतो तो खाते क्रमांक. आमच्या जुन्या उताऱ्यावर तर हिस्सेही होते, आणे-पैंत! आजोबांनी विकत घेतलेल्या ९ एकरांत बाबा आणि दोन्ही काका, प्रत्येकी ५ आणे ४ पै. १२ पैंचा एक आणा, म्हणजे बेरीज बरोब्बर सोळा आणे. हेच ते मधलं तिसरं टेबल: एका ओळीत एक शेत, एक माणूस, त्याचा हिस्सा. आधी क्षेत्राला हिश्श्याने गुणा, मग बेरीज करा. ३ अधिक ३ अधिक ३, एकूण ९. मी जाम खूश.

तेवढ्यात फराळाचं ताट घेऊन आत्या आली. "काय शोधायलास रे बाळा?" मी कागद दाखवला. तिनं नावं वाचली आणि काही न बोलता कागद परत दिला.

आजोबांची मुलं चार. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आजोबांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच.

मंडळी, जास्तीची ओळ बेरीज फुगवते, म्हणून लगेच सापडते. गाळलेली ओळ कुठल्याच बेरजेत दिसत नाही, कारण तिचा वाटा बाकीच्यांत आधीच वाटला गेलेला असतो.

रात्री बाबांना विचारलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वारस नोंदीला नावं मीच दिली होती."

सोळाला चारने भागायला कॅल्क्युलेटर लागत नाही. प्रत्येकी चार आणे. आत्याचा अर्ज मी लिहून दिलाय. बाबांनी सही केली. दोन्ही काकांच्या व्हायच्यात.