४५ रुपयांचा चार्जर काउंटरवर ठेवू नका

मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण मला एकच हिशोब दाखवतात. बिननावाचा चार्जर घाऊकमध्ये ४५ ला मिळतो, १५० ला जातो. नोंदणी असलेला पीस २१० ला पडतो आणि २८० च्या वर गिऱ्हाईक जात नाही. "सर, पहिल्यात १०५ सुटतात, दुसऱ्यात ७०. मग दुसरा ठेवायचा कशाला?"

मी वाकोल्यात दुकान सुरू केलं तेव्हा मीही हाच हिशोब मांडला होता. बीबीए केलेला माणूस, मार्जिन तर पाठच होतं!

मग एका पावसाळ्यात गल्लीतल्या एक मावशी चार्जर घेऊन आल्या. एका बाजूने वितळलेला, पिनेजवळ काळा पडलेला. नातू शेजारीच झोपला होता, वास आला म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला. भांडल्या नाहीत. "बाळा, हा तूच दिला होतास ना?" एवढंच विचारलं. मी पैसे परत केले आणि रात्री शटर ओढून तो पीस फोडून बघितला.

चार्जरच्या एका बाजूला घरातले २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला फोनसाठी ५ व्होल्ट. मधली भिंत म्हणजे सर्किटवर सोडलेली काही मिलीमीटर जागा, ट्रान्सफॉर्मरमधलं इन्सुलेशन आणि एक खास सुरक्षेचा कपॅसिटर. माल स्वस्त करायचा तर कात्री इथेच लागते, कारण हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. माझ्या पीसमध्ये फ्यूजसुद्धा नव्हता. ही भिंत फुटली तर २३० व्होल्ट केबलमधून फोनपर्यंत येऊ शकतात, आणि आपली माणसं चार्जिंगला लावलेला फोन कानालाच धरून बसतात. २०१६ मध्ये यूएल या संस्थेने ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. धक्क्यापासून वाचवेल इतकं इन्सुलेशन फक्त ३ मध्ये निघालं.

आता धंद्याचं बोलू. चार्जर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येतो. बीआयएस कायदा २०१६ प्रमाणे असा माल नोंदणीशिवाय विकणंच नाही, विकायला मांडून ठेवणंही गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किमान २ लाख, किंवा २ वर्षांपर्यंत कैद. १०५ रुपयांच्या मार्जिनने २ लाख भरायला किती पीस विकावे लागतील, कॅल्क्युलेटर काढा.

त्याहून मोठी गोष्ट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे आणि ती कोणी सांगत नाही. सदोष वस्तूने इजा झाली आणि ती बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर भरपाईचा दावा विकणाऱ्यावर लागू शकतो. बिननावाच्या डब्यावर कंपनीचा पत्ता नसतो. पण मावशींना तुमच्या दुकानाचा पत्ता माहीत असतो.

म्हणून माल उचलताना आधी पीसवर 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे शोधा. छापणारे काहीही छापतात, त्यामुळे तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका आणि दिसलेला ब्रँड डब्यावरच्या नावाशी जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे. पक्कं बिल घ्याच. "बिल नाही मिळणार शेठ" असं ऐकलं की मी पुढच्या गाळ्यात जातो. लॅमिंग्टन रोडला बिल देणारेही भरपूर आहेत.

गिऱ्हाईक स्वस्तच मागतं, हे खरं आहे. रिक्षावाले दादा, कलिना कॅम्पसची पोरं, सगळे आधी "शंभरवाला दाखव" म्हणतात. मी फोडलेला पीस काउंटरखाली ठेवलाय, तोच दाखवतो. काही जण तरीही शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

त्या लॉटमधले ३८ पीस शिल्लक होते. घाऊकवाल्याने परत घेतले नाहीत. १,७१० रुपये गेले आणि मी ते सगळे ई-कचऱ्यात दिले. मावशी अजून येतात, परवा नातवासाठी इअरफोन घेऊन गेल्या.