कबुली कोणाची?

मी दहावीत असताना आमच्या गावातील एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीस गेली. माझे मामा त्या मळ्यात सालाने होते. एवढ्या संशयावर त्यांना रात्री उचलून नेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामांनी चोरी कबूल केली होती! मोटार कुठे टाकली, या प्रश्नाला त्यांनी आधी ओढा सांगितला, मग पडकी विहीर सांगितली. मोटार दोन्हीकडे नव्हती. तीन आठवड्यांनी ती मालकाच्याच पुतण्याकडे निघाली.

“मामा, तुम्ही कबूल का केलं?” मी विचारले.

“अरे, तळपायावर पट्टा बसायला लागला की माणूस मोटार काय, रेल्वेचं इंजिन चोरलं म्हणूनही सांगतो.”

घरचे सारे हसले. मामा हसले नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इथल्या ग्रंथालयात मला कळले की, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमातच लिहिलेले होते. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही हा नियम कायम आहे. आपल्या संविधानाचे विसावे कलम तर सांगते की, कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही.

मग मारतात कशासाठी? माझे काही मित्र म्हणतात, “गोड बोलून चोर कधी कबूल होतो का?” पोलिसांची अडचण मीही जाणतो. माणसे थोडी, काम फार, आणि वरून ‘लवकर छडा लावा’ असा हुकूम. परंतु माराने मिळते ते मारणाऱ्याच्या मनातले उत्तर! मामांना जे माहीतच नव्हते, ते पट्ट्याने कसे बाहेर येणार? आणि त्या तीन आठवड्यांत खरा चोर निर्धास्त झोपला, याचा विचार कोण करणार?

पाण्याच्या मोटारीचे सोडा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. तो खटला मोक्काखाली चालला. त्या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाल्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने छळाच्या कारणावरून ते कबुलीजबाब नाकारले आणि बाराही जणांना निर्दोष ठरवले. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु ज्यांची माणसे त्या गाड्यांत गेली, त्यांनी एकोणीस वर्षांनंतर कोणाकडे पाहावे?

कोणी म्हणेल, न्यायालयाने अखेर न्याय केलाच ना? पण माझे मामा न्यायालयापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्यावर खटला नाही, कागद नाही. मात्र सालाचे काम गेले, आणि मोटार सापडल्यावरही काही घरांत त्यांना ओसरीच्या आत घेत नाहीत. न्यायालयात न टिकणारी कबुली गावात मात्र टिकते!

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात नियम घालून दिले आहेत. अटकेचा लेखी कागद करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. शिवाय चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे बंधन संविधानातच आहे. आमच्या गावात यातले एक अक्षरही कोणाला ठाऊक नव्हते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावोगाव रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा एवढे नियम एका फळ्यावर लिहून चावडीपाशी लावले तर? आणि पडद्यावरचा इन्स्पेक्टर संशयिताला तुडवतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, त्या थांबवल्या तर?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांना ते पंचविसावे कलम समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे त्या रात्री तिथं कुणाला माहीत नव्हतं का रे?”

माहीत होते, मामा. फक्त तुम्हाला नव्हते.