हरसूलच्या खांद्यांची मोजदाद व्हावी

आषाढात नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर भाताची आवणी सुरू झाली की माणसांचा दिवस कमरेत वाकून जातो. ती उरकली की नागली. दिवाळीनंतर अनेक घरांतली कर्ती माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि तिथे शरीराला नेमके उलटे काम लागते. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर असतो. विरळणी करणारी बाई मान मागे टाकून उभी राहते, एका हाताने घड धरते, दुसऱ्या हातातल्या छोट्या कात्रीने दाटीतले मणी काढते आणि पुढच्या घडाकडे वळते. दोन्ही हात खांद्याच्या वर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हंगाम संपवून घरी आल्यावर तिला अंबाडा बांधता येत नाही, फडताळावरचा डबा काढता येत नाही. ‘शीर आखडली’ म्हणून ती तेल चोळते, हाडवैद्याकडे जाते, फार झाले तर दुकानातून दुखण्याची गोळी आणते.

हे दुखणे बहुतेक वेळा कंडरेचे असते. स्नायूला हाडाशी बांधणारी ही चिवट दोरी. खांद्याच्या सांध्याभोवती अशा चार कंडरांचे कडे असते. त्यांपैकी वरची कंडरा हाडाच्या कमानीखालच्या अरुंद जागेतून जाते आणि हात वर धरला की तिच्यावर सर्वाधिक ताण येतो. कंडरेला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. कामाच्या दोन पाळ्यांमध्ये तो वेळ मिळाला नाही, तर तिचे तंतू विस्कटत जातात. पूर्वी याला निव्वळ सूज मानत. पण सूक्ष्मदर्शकाखाली जुनाट दुखण्यात सूज कमी आणि तंतूंची मोडतोड जास्त दिसू लागली, तसे उपचारांचे गणितही बदलले.

या बदलात शस्त्रक्रियेच्या संशोधनाने दाखवलेला प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे. खांद्याच्या कमानीचे हाड तासून कंडरेला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया जगभर सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर तिची चाचणी झाली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, तर काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घातली, हाडाला हातही लावला नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या आरामात रुग्णाला जाणवावा असा फरक नव्हता. स्टिरॉइडच्या इंजेक्शनांचेही तसेच. कोपराच्या कंडरेच्या दुखण्यात त्यांनी काही आठवडे बरे वाटते, पण वर्षभराच्या हिशेबात इंजेक्शन न घेतलेले रुग्ण पुढे असतात, हे २०१० मध्येच स्पष्ट झाले. पडून वा झटक्याने कंडरा तुटली तर गोष्ट वेगळी. तिथे शल्यविशारदाकडे लवकर पोहोचायलाच हवे. एरवी पहिला उपचार म्हणजे भार कमी करणे आणि मग बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम. हा व्यायाम शिकवायला शस्त्रक्रियागृह लागत नाही. प्रशिक्षण दिले तर तो आरोग्य उपकेंद्रातही शिकवता येईल.

मात्र हे ज्ञान मुख्यतः रुग्णालयात पोहोचलेल्यांवरून मिळाले आहे. जे पोहोचतच नाहीत, त्यांचे काय? याचे उत्तर शोधण्याची वाट महाराष्ट्रातच पाडली गेली आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असे दुखणे होते. संधिवाताचे ठळक रोग त्यात कमी आणि कंडरा-स्नायूंसारख्या मऊ भागांची दुखणी बरीच होती. गावातल्याच स्वयंसेवकांना हाताशी धरून केलेली ही पाहणी पुढे देशात इतरत्र झालेल्या अशा पाहण्यांसाठी पायाभूत ठरली.

भिगवणचे आकडे हरसूलला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. इथला डोंगर, चढावरून वाहायचे पाणी आणि सरपण, चिखलातली आवणी, स्थलांतराची मजुरी हे सगळे वेगळे आहे. शिवाय आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा सांधा ऐन तरुणपणी निकामी होऊ शकतो. लंगडणाऱ्या पोराचे दुखणे ‘वात’ म्हणून अंगावर काढले जाते आणि निदानाची वेळ निघून जाते. देशात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. त्यातल्या रक्ततपासणीबरोबर खुबा दुखतो का, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरीच मुले वेळेत हाती लागतील.

‘काम थांबवा’ हा सल्ला रोजंदारीवरच्या बाईला देण्यात अर्थ नाही, हेही संशोधकांनी गृहीत धरायला हवे. विरळणीत हात किती वेळ वर राहतो, मध्ये थोडी विश्रांती दिली किंवा उभे राहायला पाट दिला तर काय फरक पडतो, हे बागेतच मोजावे लागेल. त्यात बागायतदारांचीही साथ लागेल.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. अस्थिरोगाचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यांतले काही विषय हरसूलच्या पाड्यांवरून निवडावेत, पाहणी आवणीनंतर आणि द्राक्षहंगामानंतर अशी दोनदा व्हावी आणि तिचे निष्कर्ष तिथल्या आरोग्य सेविका व आशाताईंच्या हाती मराठीत द्यावेत, अशी आमची विद्यापीठाला विनंती आहे.