पासबुकावरचे नाव

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धुळ्याला आमच्या अक्काच्या घरी पाटावर चार वस्तू मांडलेल्या असतात : नवी केरसुणी, चांदीचा एक जुना रुपया, लाह्या-बत्ताशांची वाटी आणि तिचे बँकेचे पासबुक. जळगावच्या सराफ बाजारात पेढ्यापेढ्यांवर वहीपूजन होते. अक्काची वही म्हणजे हे पासबुक. त्याच्या पहिल्या पानावर दोन नावे होती. वर तिचे, खाली तिच्या मुलाचे. हळदकुंकवाचे बोट दुसऱ्या नावावर जरा अधिक वेळ टेकलेले असे. मुलगा सतरा वर्षे न्यू जर्सीत आहे आणि सहा वर्षांपूर्वी तो तिकडचा नागरिक झाला.

त्या दुसऱ्या नावावर माझा राग आहे, आणि ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून मी तो काढणार आहे. अशा वेळी वाचकांची क्षमा मागायची रीत असते. मी मागत नाही. कारण खानदेशातल्या ज्या ज्या घरातून एखादा मुलगा वा मुलगी अमेरिकेला गेली आहे, त्या घरातल्या कपाटात असे एखादे पासबुक असण्याचा फार संभव आहे. आणि त्या घरातल्या आईबापांना त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

मी पडलो शाळामास्तर. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हिशेब येत नाही अशी जी समजूत आहे ती माझ्यापुरती खरी आहे. गेल्या वर्षी मार्चात भाच्याचा फोन आला आणि पहिल्याच वाक्याला त्याने विचारले, "मामा, आईच्या खात्यात किती रक्कम आहे?" माझे मस्तक भडकले. आईच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी नाही, आणि रक्कम किती! मी त्याला चांगले फैलावर घेतले. तो बिचारा ऐकून घेत राहिला, आणि मी दमलो तेव्हा म्हणाला, "मामा, ते पैसे मला नकोत. पण ते माझे धरले जातात."

झाले होते ते असे. मेव्हण्यांच्या मागे फंडाची आणि ग्रॅच्युइटीची मिळून बावीस लाखांची रक्कम अक्काच्या हाती आली. एकट्या बाईच्या नावावर इतका पैसा नको, म्हणून तिने खात्यात मुलाचे नाव घातले. दोघांपैकी कोणाचीही सही चालेल अशी सोय केली. मुलाने त्यातला एक पैसा कधी काढला नाही. पण तिकडच्या नव्या हिशेबनिसाने त्याला विचारले की अमेरिकेबाहेर असे एखादे खाते आहे काय, ज्यावर तुझे नाव आहे किंवा तुझी सही चालते? आणि पोराच्या पोटात गोळा आला.

अमेरिकेत १९७० सालचा एक कायदा आहे. त्याप्रमाणे तिथला नागरिक, ग्रीन कार्डवाला किंवा रहिवासी यांची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षातल्या एका दिवशी जरी दहा हजार डॉलरांवर गेली, म्हणजे आजच्या भावाने साधारण नऊ लाख रुपयांवर, तरी त्या खात्यांची यादी सरकारला कळवावी लागते. ही यादी प्राप्तिकराच्या विवरणपत्राबरोबर जात नाही. ती वेगळी जाते, आणि जाते कुठे, तर आर्थिक गुन्ह्यांचा माग काढणाऱ्या खात्याकडे! मुदत १५ एप्रिल, आणि न मागता मिळणारी वाढीव मुदत १५ ऑक्टोबर. म्हणजे इकडे चकलीचे भाजणी दळायला जाते त्याच सुमारास. पैसा कोणाचा आहे हा प्रश्नच नाही. नुसती सही चालत असली तरी पुरे. अजाणता चूक झाली तरी दंडाची कमाल मर्यादा मुळात दहा हजार डॉलर होती, आणि महागाईबरोबर ती वर चढत असते. विधवेच्या फंडाचे पैसे आणि अफूच्या व्यापाऱ्याची तिजोरी यांना मोजायची फूटपट्टी एकच.

२०२३ सालापर्यंत तर सरकारचे म्हणणे असे होते की दंड दर खात्यामागे घ्यायचा. रुमानियात जन्मलेला बिटनर नावाचा एक अमेरिकन नागरिक मायदेशी परत जाऊन व्यापार करीत होता. पाच वर्षांची मिळून दोनशे बहात्तर खाती मोजून सरकारने त्याच्याकडे सत्तावीस लाख वीस हजार डॉलर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दंड दर वर्षाच्या यादीमागे धरा, दर खात्यामागे नव्हे. आणि ती रक्कम पन्नास हजारांवर आली. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. म्हणजे एक न्यायमूर्ती पलीकडे झुकला असता तर काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणि घराचे काय? इथे खरी गंमत आहे. भाच्याने देवपुरात स्वतःच्या नावाने एक ब्लॉक घेतला आहे. ती मिळकत त्या यादीत लिहावी लागत नाही. २०१० च्या कायद्याने आलेल्या दुसऱ्या यादीतही, मिळकत सरळ स्वतःच्या नावे असेल तर, लिहावी लागत नाही. पण ब्लॉकचे भाडे दर वर्षी तिकडच्या विवरणपत्रात दाखवावे लागते, ज्या खात्यात ते जमा होते ते खाते यादीत येते, आणि ब्लॉक विकला की नफा तिकडेही सांगावा लागतो. विटामातीच्या भिंतीबद्दल चकार शब्द नाही, आणि चार पानांच्या पासबुकाबद्दल शंभर प्रश्न!

जगातले बहुतेक देश, माणूस राहतो कुठे ते पाहून कर घेतात. अमेरिका पासपोर्ट पाहून घेते. आफ्रिकेतला चिमुकला इरिट्रिया सोडला तर या पंक्तीला तिच्या शेजारी बसणारा देश सापडत नाही. कुक नावाचा एक अमेरिकन मेक्सिको शहरात राहत होता. घर तिथे, मिळकत तिथे, उत्पन्न तिथले. तरी अमेरिकेने त्याच्याकडे कर मागितला. तो न्यायालयात गेला, आणि १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिक जिथे जाईल तिथे सरकारचे संरक्षण त्याच्या पाठीशी असते, म्हणून करही त्याच्या पाठीशी असणार. शंभर वर्षे उलटली, तो निकाल अजून उभा आहे. मी विचारतो, देवपुरातल्या ब्लॉकचे कोणते संरक्षण वॉशिंग्टन करते? तिथले गटार तुंबले तर धुळे महानगरपालिकेचे उंबरे झिजवावे लागतात.

इतके बोलून मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण अमेरिकेला शिव्या देणे सोपे आहे. आता घरच्यांकडे वळतो.

"कोण बघतंय तिकडून?" हे वाक्य मी जळगावात इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकले की हातात छडी घ्यावीशी वाटते. बघतात. ९ जुलै २०१५ रोजी आपल्या आणि त्यांच्या सरकारांत करार झाला, आणि तेव्हापासून अमेरिकन खातेदारांची माहिती इथल्या बँकांमार्फत आपल्या प्राप्तिकर खात्याकडे आणि तिथून तिकडे जाण्याची व्यवस्था आहे. खाते उघडताना "आपण अन्य देशाचे कर-रहिवासी आहात काय" असा जो रकाना असतो, तो त्यासाठीच. तिथे आपण "नाही"वर खूण करतो, कारण आधीच्या फॉर्मवर तशीच होती.

दुसरे पाप याहून जुने आहे. प्लॉट घ्यायचा तर निम्मे चेकने आणि निम्मे पिशवीतून, हा आपला शिष्टाचार. समजा, तीस लाखांचा प्लॉट घेतला आणि खरेदीखतावर पंधराच आले. पुढे मुलाने तो साठ लाखांना, सगळे चेकने, विकला. खरा नफा तीस लाखांचा, पण कागद म्हणतो पंचेचाळीस. जो नफा झालाच नाही त्या पंधरा लाखांवर तो इकडे कर भरणार, आणि तिकडच्या विवरणपत्रातही तोच फुगलेला आकडा घालणार. इकडे भरलेल्या कराची वजावट तिकडे मिळते हे खरे. पण पिशवीतल्या पैशाची वजावट कुठल्याच देशात मिळत नाही. बापाने मुलाचे हित पाहिले ते हे!

तिसरी गोष्ट शेताची, आणि ती मला सगळ्यांत झोंबते. परदेशस्थाला आणि ओसीआयवाल्याला आपल्याकडे घर, दुकान, बिगरशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आले तर ठेवता येते. मग काय करतात, तर मुलाच्या डॉलरांनी चुलत्याच्या नावावर जमीन घेतात. तो बेनामी व्यवहार आहे, आणि १९८८ चा कायदा २०१६ साली कडक झाल्यापासून अशी जमीन सरकारजमा होऊ शकते. रावेर-यावलकडे तर केळीचा पैसा घरोघर. इथे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून तिकडेही नसेल असे सगळे धरून चालतात. तिकडे आहे. बापाच्या मागे मळा अमेरिकन मुलाच्या सातबाऱ्यावर चढला की केळीचे उत्पन्न त्याला तिकडे दाखवावे लागते. आणि इथे कर भरलेलाच नसतो, तेव्हा वजावट तरी कशाची मागणार? मळा विकायचा झाला तर तिकडचा नफा मोजताना, वडील वारले त्या दिवसाचा बाजारभाव ही मूळ किंमत धरतात. ही मोठी सवलत आहे. पण त्या भावाचा कागद हवा, आणि दहाव्या-तेराव्याच्या धामधुमीत जमिनीचे मूल्यांकन करून घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आपले सरकार तरी मायबाप आहे काय? इथला रहिवासी साठ लाखांचे घर विकतो तेव्हा घेणारा शेकडा एक, म्हणजे साठ हजार कापतो. परदेशस्थाने दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेले तेच घर विकले तर घेणाऱ्याने शेकडा साडेबारा कापायचे : साडेसात लाख, वर अधिभार निराळा. आणि नफ्यावर नव्हे, उभ्या किमतीवर! कमी कापायचा दाखला आणता येतो, पण तो आधी आणावा लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा हिशेब धरून कर भरायची जी मुभा रहिवाशाला ठेवली आहे, ती परदेशस्थाला नाही. मुलगा दूर गेला म्हणून आई त्याच्या ताटात कमी वाढत नाही, सरकार वाढते.

तर भाच्याने मागच्या वर्षांच्या याद्या, उशिराचे कारण लिहून, भरून दिल्या. व्याज आईचे, त्यावरचा कर ती इथे भरत होती, ही कागदपत्रे मी धुळे-जळगाव एसटीच्या फेऱ्या मारून गोळा केली. आणि अक्काला समजावले की मुलाचे नाव खात्यातून काढायचे.

ती रुसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं नाव लावं, त्यामा मन्हं काय चुकनं रे भाऊ?"

मी म्हणालो, "काही चुकलं नाही, अक्का. आपण त्याचं नाव नॉमिनी म्हणून घालू. त्याने त्याला काही त्रास नाही, आणि पुढे पैसे काढायला अडचणही यायची नाही."

"नॉमिनी म्हणजे मी मेल्यावर ना?"

"हो."

अक्काने पासबुक पदराने पुसले. "म्हणजे मी जिती आहे तोवर त्याचं नाव नको."

फॉर्मवर तिने सही केली. यंदा पाटावर पासबुक आहे. नवे आहे, आणि त्यावर एकच नाव आहे. हळदकुंकवाचे बोट तिने कुठे टेकले ते मी मुद्दाम पाहिले नाही.