एक्स्टर्नल म्हणे!

परभणीची बहुतेक कॉलेजं 1994 पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला जोडलेली. चार जिल्हे, विषयागणिक मोजके प्राध्यापक. प्रॅक्टिकलचे एक्स्टर्नलही बहुधा यांतलेच. आज सर तुमच्याकडे, उद्या तुम्ही सरांकडे. मग कोण कुणाच्या पोरांना नापास करणार? आपल्या कंपनीत दोन दोस्तांनी एकमेकांचा कोड न बघता अप्रूव्ह केला तर बोंब होते. इथे डिगरी रिलीज होते राव!

2016 च्या कायद्यात परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे ना? मग परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून, चिठ्ठ्या टाकून नेमा की. प्रवासभत्ता वाढेल? वाढू द्या. निदान गंगाखेडच्या पोराचं जर्नल कुणीतरी उघडून बघेल, आणि दोन प्रश्न तरी विचारेल.